सहा चौकोनांचा आकाशकंदील घरी करताना: कामट्यांपासून शेपट्यांपर्यंत

घरी केलेला आकाशकंदील बिघडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा कागदावर ढकलला जातो. कागद फाटला, सैल पडला, सुरकुत्या आल्या. खरी चूक त्याआधी, सांगाड्यात झालेली असते. कामट्या दोन-चार मिलिमीटरने लहानमोठ्या कापल्या, चौकोन काटकोनात न आणता बांधले किंवा जोडणीचा क्रम चुकला की सांगाडा पिळतो, आणि पिळलेल्या सांगाड्यावर कितीही चांगला कागद लावला तरी तो ताठ बसत नाही. म्हणून या लेखात अर्धी जागा सांगाड्याला दिली आहे. ते काम नीट झालं की पुढचं सोपं जातं.

इथे घेतलेला आकार सहा चौकोनांचा आहे. चार चौकोन कोपऱ्यावर उभे, एक वर आडवा, एक खाली आडवा. त्यांच्यामध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. प्रत्येक चौकोनाची बाजू २२ सेंमी धरली आहे. त्यामुळे कंदिलाची उंची (शेपट्या सोडून) साधारण ३१ सेंमी आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रुंदी ४४ सेंमी होते. हे माप घेण्याचं कारण कागद. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच राहतो, त्यामुळे ५० × ७५ सेंमीच्या एका तावात चारही उभे चौकोन बसतात आणि दुसऱ्या एका तावात आठही त्रिकोण. बाजू २५ सेंमी केली की एका तावात दोनच चौकोन निघतात, उरलेला कागद वाया.

वेळ तीन संध्याकाळी लागतो: पहिल्या दिवशी कामट्या आणि सांगाडा, दुसऱ्या दिवशी कागद, तिसऱ्या दिवशी शेपट्या आणि दिवा. वसुबारसेला कंदील लावायचा असेल तर निदान चार दिवस आधी सुरुवात करा. एका रात्रीत उरकायला गेलं की मैद्याची खळ ओली असतानाच शेपट्या लावल्या जातात आणि खालचे त्रिकोण ओढले जाऊन फाटतात.

सामान

बांबूच्या कामट्या: एक मीटर लांबीच्या दहा. रुंदी ५ ते ६ मिमी, जाडी ३ मिमी. आठ पुरतात, दोन मोडतील असं धरून चला. बुरुडाकडे सांगितलं तर या मापाच्या काढून मिळतात.
दोरा: वाण्याकडचा पांढरा पुडीचा दोरा, २० मीटर. नायलॉनचा नको, गाठ सरकते. मांजा अजिबात नको, बोटं कापतात.
पतंगी कागद: ५० × ७५ सेंमीचे चार ताव. एक चौकोनांसाठी, एक त्रिकोणांसाठी, दोन शेपट्यांसाठी.
सोनेरी किंवा चंदेरी कागद: पाव ताव.
मैदा, जुना पुठ्ठा, धारदार कात्री, पट्टी, गुण्या, पेन्सिल, १५० नंबरचा पॉलिश पेपर, सपाट ब्रश, थोडं फेव्हिकॉल.
दिव्यासाठी: ५ किंवा ७ वॅटचा पिवळसर प्रकाशाचा एलईडी बल्ब, लटकता होल्डर, दोन पदरी वायर, टू-पिन.
टांगण्यासाठी: सुतळी आणि एक लोखंडी कडी.

दुकानातच ताव मोजून घ्या. सगळीकडे कागद एकाच मापाचा मिळत नाही. ताव लहान असेल तर बाजू २० सेंमीवर आणा आणि पुढची सगळी मापं त्या हिशोबाने कमी करा. कागद निवडताना एक परीक्षा करायचीच: कोपऱ्याला ओलं बोट लावून पांढऱ्या कपड्यावर दाबा. ठळक डाग उमटला तर तो रंग खळीच्या ओलीने शेजारच्या कागदात उतरणार. लाल आणि गडद गुलाबी कागदांची ही परीक्षा हमखास घ्या.

चकचकीत जिलेटिन कागद पाहिल्यावर मोह होतो, पण त्याला खळ धरत नाही. वाळली की पोपडा सुटून कागद मोकळा होतो. पहिल्या कंदिलाला साधा पतंगी कागदच घ्या.

१. आधी पुठ्ठ्याचे साचे

कामट्यांना हात लावण्याआधी दोन साचे कापून ठेवा. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा यासाठी चांगला.

चौकोनाचा साचा: २५ × २५ सेंमी. यात चारही बाजूंना दीड सेंमीची दुमड धरली आहे.

त्रिकोणाचा साचा: तळाची रेघ २७.२ सेंमी. तिच्या मध्यावर, म्हणजे १३.६ सेंमीवर, गुण्याने काटकोनात २३.६ सेंमीची उभी रेघ. तिचं टोक दोन्ही कोपऱ्यांना जोडा. आतला खरा त्रिकोण २२ सेंमीचाच राहतो, बाकी दुमड आहे.

इथे बहुतेकजण चुकतात. दीड सेंमीची दुमड म्हणून त्रिकोणाची बाजू २२ अधिक ३, म्हणजे २५ सेंमी धरतात. चौकोनाला हे गणित लागू पडतं, त्रिकोणाला नाही. त्रिकोणाचे कोपरे निमुळते असल्यामुळे दुमड सगळीकडे सारखी ठेवायची तर बाजू पाच सेंमीपेक्षा जास्त वाढवावी लागते. २५ सेंमीने कापलेल्या त्रिकोणाची दुमड जेमतेम पाऊण-एक सेंमी उरते आणि ती कामटीभोवती वळत नाही.

तपासणी: साचा उलटा करून त्याच आखलेल्या रेघांवर ठेवा. तिन्ही बाजू जुळल्या तर साचा बरोबर.

२. कामट्या कापणं आणि घासणं

कामटी वाळलेली हवी. ओली कामटी हिरवट दिसते आणि हाताला थंड लागते. ती बांधून झाल्यावर आकसते आणि चार दिवसांत गाठी ढिल्या पडतात. ओली मिळाली तर उन्हात तीन-चार दिवस पसरून ठेवा.

१. प्रत्येक कामटी बोटांनी हलकी वाकवून पाहा. पेऱ्याच्या गाठीवर ती मोडते किंवा तिथे उंचवटा येतो. शक्य तिथे गाठ तुकड्याच्या मधोमध येईल असं कापा. गाठ कोपऱ्यात आली तर दोरा बसत नाही.
२. २४ सेंमीचे २४ तुकडे कापा. एका मीटरच्या कामटीतून चार निघतात.
३. ३३ सेंमीचे चार तुकडे वेगळे कापा. हे वरच्या आणि खालच्या चौकोनातल्या आडव्या-तिडव्या आधारासाठी.
४. सगळे तुकडे पॉलिश पेपरने घासा, विशेषतः कडा. बांबूची कूस बोटात जातेच, शिवाय ती कागदही फाडते. कंदील वाऱ्यावर हलू लागला की घासायच्या राहिलेल्या कडेवर कागद आधी जातो.
५. २४ तुकड्यांच्या दोन्ही टोकांपासून एक-एक सेंमीवर पेन्सिलीची खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर २२ सेंमी हवं.

खुणा प्रत्येक तुकड्यावर वेगळ्या मोजत बसू नका. एक तुकडा नीट मोजून खूण करा आणि तोच शेजारी ठेवून बाकी तेवीसांवर खुणा उतरवा. दर वेळी पट्टी लावली की दर वेळी अर्धा-एक मिलिमीटर सरकतो, आणि चोवीस कामट्यांत मिळून तो सांगाडा वाकडा करायला पुरतो.

मुलांकडून करून घ्यायचं असेल तर घासणं आणि खुणा त्यांना द्या. कापणं मोठ्यांनी करावं, कामटी चाकूखाली अचानक सुटते.

३. सहा चौकोन बांधणं

दोन कामट्या समांतर ठेवा, त्यांच्यावर दोन आडव्या. चारही कोपऱ्यांत खूण खुणेवर आली पाहिजे. कामटीची गुळगुळीत पाठ बाहेरच्या बाजूला ठेवा, कागद त्या बाजूने सरळ बसतो.

प्रत्येक कोपऱ्याला ४० सेंमी दोरा घ्या. एका तिरक्या दिशेने तीन फेरे, मग दुसऱ्या तिरक्या दिशेने तीन फेरे. शेवटी दोन फेरे दोन्ही कामट्यांच्या मधून, म्हणजे आधीच्या फेऱ्यांभोवती, घट्ट ओढून गाठ मारा. हे शेवटचे दोन फेरे टाळले जातात, आणि पकड तर त्यांच्यामुळेच येते.

चारही कोपरे आधी अर्धवट घट्ट बांधा. मग चौकोन जमिनीवर ठेवून दोन्ही कर्ण मोजा. २२ सेंमीच्या चौकोनाचा कर्ण ३१.१ सेंमी येतो. एक कर्ण ३१.५ आणि दुसरा ३०.७ आला तर चौकोन तिरका झाला आहे. लांब कर्णाचे दोन कोपरे हळूच आत दाबा, पुन्हा मोजा, मग गाठी घट्ट करा. दोन कर्णांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका.

सहाही चौकोन झाले की एकावर एक रचून पाहा. एखादा बाहेर डोकावत असेल तर तो सोडून पुन्हा बांधा. तो वापरून पुढे सांभाळून घेता येईल असं वाटतं, पण ते जमत नाही.

गाठी पक्क्या झाल्यावर प्रत्येकीवर फेव्हिकॉलचा एक थेंब. वाळल्यावर कोपऱ्याबाहेर आलेली टोकं ५ मिमी ठेवून बाकी छाटा. टोकं लांब ठेवली तर पुढच्या जोडणीत ती एकमेकांना अडतात.

४. सांगाडा जोडणं

क्रम असा: आधी चार उभ्या चौकोनांची साखळी, मग साखळीचं कडं, मग वरचा चौकोन, शेवटी खालचा. वरच्या चौकोनापासून सुरुवात करून त्याला चारही चौकोन लोंबते बांधले तर प्रत्येक चौकोन वेगळ्या कोनात राहतो आणि शेवटचा कोपरा जुळतच नाही.

१. चार चौकोन जमिनीवर कोपऱ्यावर उभे असल्यासारखे, शंकरपाळ्यासारखे, एका ओळीत मांडा. शेजारच्या दोघांचे बाजूचे कोपरे एकमेकांना टेकले पाहिजेत.
२. टेकलेले तीन कोपरे सुरगाठीने बांधा. दोन्ही चौकोनांच्या कोपऱ्यांच्या आतून चार फेरे, पण जरा सैल. हे सांधे बिजागरीसारखे हलायला हवेत.
३. ओळ उभी करून वळवा आणि पहिल्याचा मोकळा कोपरा चौथ्याच्या मोकळ्या कोपऱ्याला बांधा. चार शंकरपाळ्यांचं कडं तयार होईल.
४. वर आलेल्या चार टोकांवर पाचवा चौकोन आडवा ठेवा. त्याचा एक-एक कोपरा एका-एका टोकाला सुरगाठीने बांधा.
५. सगळं उलटं करून सहावा चौकोन तसाच बांधा.

आता सांगाडा हातात धरून हलका पिळून पाहा. तो पिळला जातो, आणि हे पाहून पुष्कळजण घाबरून सगळ्या गाठी करकचून आवळतात. थांबा. या आकाराचा स्वभावच तसा आहे. त्रिकोण आपला आकार धरून ठेवतो, चौकोन धरत नाही. नुसत्या गाठी आवळून तो ताठ होणार नाही, चौकोनांना आधार द्यावा लागतो. ते काम पुढच्या टप्प्यात आहे.

तपासणी: आठही त्रिकोणांच्या तिन्ही बाजू खुणेपासून खुणेपर्यंत २२ सेंमी येतात का पाहा. मग सांगाडा जमिनीवर ठेवून डोळा वरच्या चौकोनाच्या पातळीला आणा. वरचा आणि खालचा चौकोन एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर वरच्याचे कोपरे खालच्याच्या कोपऱ्यांवर आले पाहिजेत.

हे जमल्यावर बाराही सांधे घट्ट करा, पण एका बाजूने ओळीने नाही. एक सांधा, मग त्याच्या समोरचा, असं करत जा.

५. आधार, ताण आणि दिव्याची जागा

वरच्या चौकोनात ३३ सेंमीच्या दोन कामट्या कोपऱ्यातून कोपऱ्यात, फुलीसारख्या बांधा. खालच्या चौकोनातही तशाच. फुलीच्या मध्यालाही दोरा बांधा. या दोन फुल्यांनी वरचा-खालचा चौकोन पक्का होतो, आणि वरच्या फुलीवर दिवा टांगता येतो.

चार उभ्या चौकोनांना कामट्या लावायच्या नाहीत, दिवा लागल्यावर त्यांची जाड सावली कागदावर पडते. तिथे दोरा वापरा. प्रत्येक चौकोनात दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधा आणि ताण देताना कर्ण पुन्हा ३१.१ सेंमी येतो का ते पाहा. दोरा कामटीच्या आतल्या बाजूने जाऊ द्या, म्हणजे कागदाला टेकणार नाही.

कागद लागून पूर्ण वाळला की हे दोरे आतून कात्री घालून कापता येतात. तेव्हा ताणलेला कागदच चौकोनाला धरून ठेवतो. पण कोकणात, समुद्राजवळ किंवा जिथे रात्री भरपूर दव पडतं तिथे दोरे कापू नका. दमट हवेत कागद सैल पडतो आणि सांगाडा पुन्हा पिळतो. दोऱ्याची बारीक सावली चालून जाते.

दिवा आत्ताच टांगून पाहा. वरच्या फुलीच्या मध्यापासून बल्बचा मध्य १५ ते १६ सेंमी खाली यायला हवा, म्हणजे तो कंदिलाच्या बरोबर मध्यावर येतो आणि चारही बाजूंचा कागद त्याच्यापासून सारख्या अंतरावर राहतो. बल्ब खाली घसरला तर खालचे त्रिकोण उजळतात आणि वरचे काळपट दिसतात. वायर कुठे बांधायची ती खूण करून ठेवा आणि दिवा काढून घ्या.

सावधान: जुना ४० किंवा ६० वॅटचा तारेचा बल्ब घरात पडला आहे म्हणून तो लावू नका. त्याची काच इतकी तापते की वाऱ्याने कागद किंवा शेपटी तिला टेकली तर करपते, पेटूही शकते. एलईडीचा काचेचा भाग फारसा तापत नाही, बुडाचा भाग मात्र तापतो. म्हणून वरचा चौकोन कागदाने बंद करायचा नाही, खालचाही नाही. हवा खेळती राहिली पाहिजे.

६. खळ शिजवणं

दोन सपाट टेबलस्पून मैदा आधी पाव वाटी गार पाण्यात कालवा. एकही गाठ राहता कामा नये. मग हे मिश्रण एक वाटी (साधारण २०० मिली) उकळत्या पाण्यात बारीक धारेने ओता आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत राहा. पांढरट रंग जाऊन ती अर्धपारदर्शक झाली की उतरवा. गार झाल्यावर इडलीच्या पिठाइतकी दाट असावी. दाट वाटली तर गरम पाण्याचे चमचे घालून सारखी करा.

कच्च्या मैद्याची खळ चिकटल्यासारखी वाटते, पण वाळली की पिठासारखी सुटते. खळ पातळ असेल तर कागद भिजून फाटतो आणि रंग पसरतो. गरम खळ लावली तर कागद लगेच आकसून सुरकुततो. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा.

उरलेली खळ झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. आंबूस वास आला की टाकून द्या. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, त्याने ती टिकते आणि कीड लागत नाही, पण मोरचूद विषारी आहे. मुलं काम करणार असतील तर ते वापरू नका.

७. कागद कापणं आणि नक्षी

चौकोनांच्या तावातून २५ सेंमीचे सहा तुकडे बरोबर बसतात, चार वापरायचे आणि दोन राखीव. त्रिकोणांच्या तावात २३.६ सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या आखा. प्रत्येक पट्टीत त्रिकोण एक सुलटा एक उलटा असे मांडले की ६८ सेंमीत चार बसतात. सगळे सुलटे मांडले तर दोनच निघतात.

ताव घडी घालून एकदम चार-चार त्रिकोण कापायला जाऊ नका. पतंगी कागद सरकतो आणि खालचा तुकडा लहान होतो. दोन थर चालतील, त्याहून जास्त नको.

प्रत्येक तुकड्याचे कोपरे छाटा: दुमडीच्या दोन रेघा जिथे छेदतात तिथपर्यंत. कोपरे न छाटता दुमडले की प्रत्येक सांध्यावर कागदाचा गठ्ठा होतो. एका सांध्यावर दोन चौकोन आणि दोन त्रिकोण भेटतात, म्हणजे दुमडीचे चार-चार पापुद्रे. सांध्यांवरचे काळे डाग त्यातूनच येतात.

नक्षी करायची असेल तर ती सांगाड्यावर कागद चढवण्याआधी, तुकडे सपाट असतानाच चिकटवा. १२ सेंमीचा पांढरा किंवा पिवळा कागद तीन वेळा दुमडून फूल कापा आणि चौकोनाच्या मध्यावर अगदी कमी खळीने लावा. गडद कागदावर गडद नक्षी दिवसा छान दिसते, दिवा लागल्यावर तिथे नुसता काळा ठिपका उरतो. कापलेली नक्षी बल्बसमोर धरून पाहा आणि मगच चिकटवा.

८. कागद चढवणं

सगळ्यात जास्त घाई इथे होते. पंखा बंद करा, खाली वर्तमानपत्र पसरा, हात पुसायला ओलं फडकं ठेवा. खळ कागदाला लावायची नाही, कामटीला लावायची. ओला कागद उचलून बसवायला गेलं की तो ताणून फाटतो. कामटीला खळ असेल तर कोरडा कागद नुसता टेकवून दाबायचा आहे.

क्रम: खालचे चार त्रिकोण, मग वरचे चार त्रिकोण, शेवटी चार चौकोन.

१. सांगाडा उलटा करून एखाद्या पातेल्यावर ठेवा, म्हणजे तो गडगडणार नाही.
२. खालच्या एका त्रिकोणाच्या तीनही कामट्यांवर ब्रशने खळीचा पातळ थर लावा. कामटीवरून खाली ओघळणारी खळ लगेच पुसा.
३. कागदाची एक दुमड सरळ रेषेत एका कामटीवर टेकवा आणि आत वळवून दाबा. आधी ही एकच बाजू पक्की करा.
४. समोरच्या कोपऱ्याकडे कागद हलका ओढा आणि उरलेल्या दोन बाजू मध्यापासून कोपऱ्याकडे दाबत जा. कोपऱ्यातून मध्याकडे आलात तर मध्ये फुगा राहतो.
५. पुढचा त्रिकोण लगेच शेजारचा घेऊ नका, समोरचा घ्या. ओल्या शेजारच्या कामटीवर काम केलं की पहिला कागद सुटतो.
६. आठ त्रिकोण झाले की निदान एक तास थांबा.
७. आता चौकोन. आधी एका कोपऱ्याच्या दोन बाजू, मग समोरच्या कोपऱ्याच्या दोन. चौकोनाची दुमड त्रिकोणाच्या कागदावर रुंद पसरली तर दिवा लागल्यावर काळी पट्टी दिसते, म्हणून ती कामटीवर वळवून उरलेला भाग छाटा.

कागद ढोलकीसारखा ताणून बसवण्याचा प्रयत्न करू नका. सुरकुत्या नसाव्यात, एवढंच पाहा. खळ पूर्ण वाळल्यावर, म्हणजे तीन-चार तासांनी, स्प्रेच्या बाटलीतून दीड-दोन फुटांवरून पाण्याचा अगदी हलका फवारा द्या. कागद आधी ढिला पडतो आणि वाळताना ताणून घट्ट बसतो. रंग सुटणाऱ्या कागदावर हे करू नका. उन्हातही वाळवू नका, एक बाजू लवकर आकसून सांध्यापाशी फाटते. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर ठेवा.

फाटलंच तर पूर्ण तुकडा काढायची गरज नाही. त्याच रंगाचा दोन सेंमी मोठा गोल तुकडा फाडून (कापून नव्हे) आतून लावा. फाडलेली कड कागदात मिसळून जाते, कापलेली दिव्यात ठळक दिसते.

९. पट्ट्या, शेपट्या आणि गोंडे

सोनेरी कागदाच्या दीड सेंमी रुंद पट्ट्या कापा. ७५ सेंमीच्या एका पट्टीत तीन कडा होतात, एकूण २४ कडांना आठ पट्ट्या लागतात. पट्टी कडेवर मधोमध दुमडून लावा. सोनेरी कागदाला खळ नीट धरत नाही असं दिसलं तर फेव्हिकॉल थोडं पाणी घालून वापरा.

शेपट्या: तावाच्या ५० सेंमी रुंदीत ४ सेंमीच्या १२ पट्ट्या निघतात. खालच्या चौकोनाच्या एका बाजूला पाच, अशा एकूण वीस लागतात. प्रत्येकीची वरची दीड सेंमी दुमड कामटीवर वळवून चिकटवा, दोन शेपट्यांमध्ये ४ मिमी जागा सोडा. ७५ सेंमीच्या शेपट्या उंच गॅलरीत छान दिसतात, पण फ्लॅटच्या बुटक्या गॅलरीत त्या डोक्याला लागतात आणि मुलं ओढतात. तिथे ४५ सेंमी पुरे. खालचं टोक व्ही आकारात कापा.

वाऱ्याने शेपट्यांचा गुंता होत असेल तर अर्ध्या उंचीवर आतून एकच एक सेंमीची आडवी पट्टी सगळ्यांना जोडत गोल फिरवा.

बाजूच्या चार कोपऱ्यांना गोंडे: १२ × २५ सेंमीचा कागद, खालून ९ सेंमी खोल आणि अर्धा सेंमी रुंद कापे द्या, न कापलेला भाग गुंडाळून दोऱ्याने आवळा. चारही गोंडे सारख्या वजनाचे हवेत. एक जड झाला तर कंदील त्या बाजूला कलतो.

१०. टांगणं

वरच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतून, सांध्याच्या आतून, सारख्या लांबीची सुतळी घ्या. ३० सेंमीवर चारही टोकं लोखंडी कडीत एकत्र बांधा. कंदील त्या कडीवर लटकला पाहिजे. वायरीवर त्याचं वजन येता कामा नये. वायरीवर टांगलेला कंदील वाऱ्यात हलत राहतो, होल्डरमधला स्क्रू ढिला होतो आणि ठिणगी पडते.

दिवा वरच्या मोकळ्या जागेतून आत सोडा आणि आधी केलेल्या खुणेवर वायर फुलीला बांधा. वायरीला मध्ये जोड देऊ नका. द्यावाच लागला तर तो घराच्या आत, कोरड्या जागी, इन्सुलेशन टेप लावून. कंदिलाकडून भिंतीकडे जाताना वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून सॉकेटकडे न जाता झोलाच्या तळातून गळून जाईल. दिवाळीच्या तोंडावर एखादी सर येतेच. पत्र्याखाली किंवा छज्जाखाली टांगा, उघड्यावर नाही.

सावधान: कंदिलाच्या शेपट्यांच्या घेरात पणत्या ठेवू नका. वारा आला की शेपटी किती लांब उडते ते हाताने उडवून पाहा आणि त्याच्या दुप्पट अंतर सोडा. रांगोळीभोवती पणत्या लावायच्या असतील तर कंदील दुसऱ्या टोकाला घ्या.

पहिल्या संध्याकाळी दिवा लावून अर्धा तास थांबा, मग बंद करून कागदाला आणि वरच्या फुलीला हात लावा. कुठेही गरम लागलं तर बल्ब त्या बाजूला सरकला आहे.

११. उतरवून ठेवणं

बरेचजण कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात आणि मग तो तसाच माळ्यावर टाकतात. पुढच्या वर्षी त्यातून धूळ आणि मोडकी टोकं निघतात. हा सांगाडा सपाट घडी करून ठेवता येतो.

शेपट्या आणि कागद काढा. गोंडे चांगले असतील तर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. कामटीला चिकटलेली खळ ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर झुरळं आणि कसर लागते. मग वरच्या आणि खालच्या चौकोनाचे आठ सांधे सोडा, फुल्या त्यांना तशाच राहू द्या. उभ्या चौकोनांतले दोरे कापले नसतील तर तेही राहू द्या. बाजूचे चार सांधे सोडू नका. उरलेलं कडं दोन समोरासमोरच्या सांध्यांवर दाबलं की ते बिजागरीसारखं मिटतं आणि चारही चौकोन सपाट होतात.

हे सगळं जुन्या साडीच्या खोक्यात एका थरात बसत नाही, म्हणून धोतराच्या कापडात गुंडाळून कपाटाच्या मागे उभं ठेवा. सोबत एका मोठ्या लिफाफ्यात पुठ्ठ्याचे दोन्ही साचे, उरलेले दोन राखीव चौकोन आणि कडी. लिफाफ्यावर माप लिहा: बाजू २२, चौकोन २५, त्रिकोण २७.२. पुढच्या वर्षी फक्त चार ताव आणि खळ लागेल, पण वर-खाली चौकोन बांधण्याआधी सहाही चौकोनांचे कर्ण एकदा पुन्हा मोजा.